उघड्या छपराखालची चूल

आमच्या घरात माणसं तीन आणि स्वयंपाक दोन. समोर स्लॅबचं घर, त्यात मी आणि बायको. तिचा गॅस, तिचा कुकर. मुलगी नागपूरला शिकते, ती सुट्टीतच येते. आंगण ओलांडलं की मागे कवेलूची, कौलारू, एक लांब खोली आहे. तिथे माझी आई रांधायची. आई गेल्यावर तिथे बाबा रांधू लागले.

आई गेली तेव्हा बाबा सत्तरीच्या पुढे होते आणि त्यांना चहासुद्धा करता येत नव्हता. सुरुवातीला काही दिवस ते आमच्यात जेवले. एका सकाळी उठून बघतो तर मागच्या खोलीतून धूर निघत होता. बाबा चुलीपुढे उकिडवे बसून फुंकणीने जाळ करत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, कोणावर रुसलो नाही, पेज प्यावीशी वाटली. कुकरात पेज कुठून येईल? उघड्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भात शिजवायचा, त्याची पेज गाळायची आणि मीठ घालून प्यायची, ही त्यांची जन्माची सवय. आई होती तोवर ती रोज मिळत होती.

एका दिवसाची पेज म्हणता म्हणता रोजचा स्वयंपाक झाला. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, कधी वांग्याची भाजी, कधी सुकट. सुरुवातीला भात खाली लागायचा आणि वर कच्चा राहायचा. हळूहळू जमलं. ती चूल आईच्या हातची होती, तळ्याकाठची माती आणि धानाचा भुसा कालवून केलेली. आईचा एक गंज सायकलवरून पडून जरा चेपला होता, म्हणून तिने चुलीचं तोंडही त्याच मापाचं, जरा लांबट केलं होतं. दुसरं भांडं त्यावर ठेवलं की डगमगायचं. बाबांना त्या चुलीची सगळी खोड माहीत झाली होती. कुठलं लाकूड किती आत सारायचं, राख कधी ओढायची, बाजूच्या वैलावर वरण ठेवून किती वेळ विसरायचं. ते चुलीशी बोलत वगैरे नसत. पण तिथे बसलेले असताना त्यांचा चेहरा कामात असलेल्या माणसाचा असायचा. आमच्या घरात बसलेले असताना तो पाहुण्याचा व्हायचा.

हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त लोक दिसत होते.

मी सडक अर्जुनीला खत-बियाण्यांच्या दुकानात काम करतो. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी येतात, माल घेतात आणि बोलून जातात. म्हातारा बाप हाताने रांधून खातो, ही गोष्ट त्या दुकानापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने भातावर वरण ओढता ओढता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हा बुढ्याले हात भाजू देते, अन् आमाले सांगते कोणतं खत टाका." पंगत हसली. मीही हसलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

बायकोला बायकांनी त्याहून जास्त ऐकवलं असणार. ती मला सांगायची नाही. ती बाबांच्या खोलीत भाजी नेऊन ठेवायची, बाबा ती खायचे आणि भांडं घासून परत द्यायचे. घासलेलं भांडं परत आलं की ती ते पुन्हा एकदा घासायची.

या उन्हाळ्यात वांदरांनी मागच्या खोलीवर धुडगूस घातला. आमच्याकडे वांदरं कवेलूवर नाचतात, म्हणून गावातल्या निम्म्या घरांवर आता पत्र्याच्या टिना आल्या. मीही टिना घालू म्हणालो. बाबा म्हणाले, टिनाखाली माणूस भाजून निघतो, कवेलूच फेरून घे. कवेलू फेरणं म्हणजे सगळी उतरवायची, साफ करायची, फुटकी काढून नवी घालायची आणि पुन्हा एकेक लावायची. हे काम करणारी माणसं आता कमी राहिली आहेत. आमच्या गावातला एकजण मिळाला. तो आला आणि त्याने खोलीची अर्धी बाजू, नेमकी चुलीवरची, उघडी केली. कवेलू आंगणात रचून ठेवली. वर नुसत्या बांबूच्या कमच्या उरल्या आणि त्यांतून आभाळ दिसू लागलं.

संध्याकाळी तो जायला निघाला तेव्हा मी त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेलो. त्याला म्हटलं, दोन-चार दिवस येऊ नको, माझं थोडं काम आहे, मी सांगेन तेव्हा ये. त्याला बरंच वाटलं, लग्नसराई होती. घरी येऊन मी बाबांना सांगितलं की त्याला ताप आला आहे.

मी हे का केलं ते सरळ लिहितो. मे महिन्याच्या उन्हात, डोक्यावर छप्पर नसताना, बाबा चुलीपुढे बसू शकणार नाहीत असा माझा हिशोब होता. चार दिवस आमच्यात जेवतील. चार दिवस जेवले की सवय लागेल. मग मी छप्पर घालून देईन आणि त्या खोलीत लाकडं, कोंडा, जुनं सामान ठेवू. कोणाशी भांडण नाही, कोणाला दुखावणं नाही. मला स्वतःची हुशारी वाटली होती.

बाबांनी उन्हावर वेगळाच उपाय काढला. ते फटफटायच्या आधी उठून रांधू लागले आणि ऊन चढायच्या आत चूल विझवू लागले. संध्याकाळी पुन्हा, सावली भिंतीवरून चुलीपर्यंत आली की. मधल्या वेळेसाठी त्यांनी कमच्यांना एक जुनं धोतर बांधून ठेवलं. रोज संध्याकाळी विचारायचे, त्याचा ताप उतरला का? मी म्हणायचो, अजून नाही.

मग तो दिवस आला. सकाळीच सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम आवाज करत इशारा आला, वादळी वारा, विजा, जोरदार पाऊस, संध्याकाळनंतर. असे इशारे उन्हाळ्यात येत राहतात आणि निम्म्या वेळा काही होत नाही. पण त्या दिवशी हवा विचित्र होती. झाडाचं पान हलत नव्हतं आणि वांदरं सकाळपासूनच गावाबाहेर निघून गेली होती.

मी दुकानात गेलोच नाही. कवेलूवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, साळेकशाच्या पुढे साळ्याच्या पोरीच्या लग्नाला आलो आहे, परवाच येतो. तो खोटं बोलत नव्हता, मागे बँड वाजत होता. बाबा माझ्याकडे बघत आंगणात उभे होते. मी त्यांना म्हटलं, त्याला येता येत नाही. ते म्हणाले, ठीक आहे, आपणच लावू जमतील तितकी.

पण आधी घरातली कामं. वादळाची वाट बघतानाही घर थांबत नाही. गच्चीवर आंब्याच्या फोडी आणि लाल मिरची वाळत होती, ती बायकोने पोत्यांत भरली. कोहळ्याच्या वड्या अजून ओल्या होत्या, त्या खाटेवर कापड टाकून खोलीत पसरल्या, त्यामुळे आम्हाला बसायला खाट राहिली नाही. वीज जाणार हे ठरलेलंच, म्हणून मोटर लावून टाकी, हंडे, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा पाण्याने भरला. मी गवऱ्या आणि इंधन पडवीसारख्या सपरीत आणून रचलं. बायको मला म्हणाली, कंदिलाची काच पुसा. आमच्या घरी कंदील आहे हेच मी विसरलो होतो.

मग मी शिडी लावून छपरावर चढलो. मी आयुष्यात कधी कवेलू लावली नव्हती. लहानपणी बाबा लावायचे तेव्हा खालून एकेक द्यायचो, तेवढंच. मी वरून, आढ्याकडून सुरुवात केली. दोन ओळी झाल्यावर खालून बाबा म्हणाले, "पानी वरून खाली येते ना बाबू? मंग खालून वर लाव." तोवर माझ्या पायाखाली पाच-सहा फुटली होती. सगळी काढली, वळचणीपासून पुन्हा सुरू केलं. बाबा शिडीच्या खालच्या पायरीवर उभे राहून मला कवेलू देत होते. दुपार टळेपर्यंत मी भिंतीलगतची एक पट्टी कशीबशी झाकली. चूल त्या पट्टीच्या बाहेरच होती.

पश्चिमेकडे आभाळ खालून काळं होऊ लागलं होतं. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "आता उतर. वारा सुटला तर चूल पेटनार नाही. तुमी दोघंही आज माझ्याकडं जेवा."

गॅस घरात होता, स्वयंपाक केव्हाही झाला असता. मी तसं म्हणणार होतो. बायको म्हणाली, "हो मामाजी, येतो." आणि मला हात धुवायला पाठवलं.

त्यांनी भात टाकला. लाखोरीची डाळ सकाळी भिजवलेली होती, ती वैलावर ठेवली. सुकट निखाऱ्यावर भाजून तिखट-मिठात चुरली. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. डोक्यावर कमच्यांच्या चौकटी आणि त्यांच्या पलीकडे ते काळं होत जाणारं आभाळ. बाबांनी पेज गाळून तिघांना वाट्यांत दिली. आई गेल्यापासूनच्या दोन वर्षांत मी त्या खोलीत जेवायला बसलो नव्हतो. बायको तर कधीच नाही, तिला कोणी बोलावलं नव्हतं.

तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मामाजी, मीठ दोनदा टाकलं का?"

"एकदा मी टाकलं. दुसऱ्यांदा कोनी टाकलं ते माईत नाही. तू तर तिकडं बसली हायेस."

ती हसली. बाबाही हसले. त्यांनी तिच्या ताटात आणखी भात वाढला, मीठ कमी होईल म्हणून. ती नको म्हणाली नाही. तिने विचारलं की डाळ इतकी मऊ कशी होते, कुकरात तिची पेस्ट होते. बाबा सांगू लागले, जाळ कमी करून विसरून जायचं, मध्ये मध्ये झाकण उघडून बघायचं नाही. बायकांना धीर नसतो, असं ते म्हणाले, आणि लगेच म्हणाले, तुझ्या सासूलेही नव्हता, तिची डाळही अशीच फुटून जात होती. आईविषयी त्यांनी असं काही बोललेलं मी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मी खाली मान घालून जेवत राहिलो. वारा अजून जाणवत नव्हता, तरी राख जराशी उडायला लागली होती.

जेवण झाल्यावर आम्ही ताडपत्री बांधली. दुकानातली एक जुनी घरी पडून होती. तिची टोकं कमच्यांना, खिडकीच्या गजांना, आंगणातल्या पेरूच्या झाडाला बांधली. बाबांनी चुलीतली राख काढली, निखारे विझवले. बायकोने आपल्या घरातून मोठी परात आणून चुलीवर पालथी घातली आणि तिच्यावर खताची रिकामी पोती टाकून वर दगड ठेवले. बाबा म्हणाले, बाई, परात खराब होईन. ती म्हणाली, होऊ द्या.

वारा आला तो आवाजासकट आला. आधी रस्त्यापलीकडच्या चिंचेचा आवाज, मग आंगणातली धूळ उभी राहिली, मग वीज गेली. आम्ही समोरच्या घरात आलो आणि दार लावलं. दाराच्या फटीतून मी पाहत होतो. ताडपत्रीचं एक टोक सुटलं, ती वर उचलली गेली आणि पेरूच्या फांदीसकट आंगणात येऊन आपटली. मी दार उघडून धावणार होतो, बाबांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. विजा पडत होत्या. त्या पकडीत ताकद नव्हती, तरी मी थांबलो. मग पाऊस आला, आडवा, जाड थेंबांचा, गाराही आल्या. मी लावलेल्या कवेलूंपैकी काही सरकून खाली पडल्याचा आवाज आला.

आम्ही जमिनीवर बसलो होतो. खाटेवर वड्या होत्या. कंदील पेटवला तरी त्याचा उजेड तिघांपुरताच होता. बाबा दाराकडे तोंड करून बसले होते. त्यांना दार दिसत होतं, मागची खोली नाही. तरी ते तिकडेच बघत होते.

मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "बाबा, तो कवेलूवाला बिमार नव्हता. मीच त्याला येऊ नको म्हटलं होतं."

बायकोने मान वर केली.

"मले मालूम हाय," बाबा म्हणाले. "बाजारात भेटला होता. त्यानंच चहा पाजला. म्हने, तुमच्या पोरानं थांब म्हटलं."

"मग तुम्ही बोलले काऊन नाही?"

"तू सांगशीन म्हनून थांबलो." बाहेर काहीतरी मोठं मोडून पडलं. मग ते म्हणाले, "मी त्याले उद्याच ये म्हनू शकत होतो. म्हटलं नाही. मले पाहाचं होतं तू कवापर्यंत लपवून ठेवतेस. चूक माहीही हाय."

यात माझं अर्धं ओझं उचलायचा त्यांचा हेतू होता, हे मला समजलं. तसं झालं नाही. एवढे दिवस ते धोतराच्या सावलीत बसून रांधत होते, मला रोज ताप उतरला का म्हणून विचारत होते, आणि रोज संध्याकाळी मला खरं सांगायची एक संधी देत होते. मी ती रोज परत केली होती.

पाऊस थोडा कमी झाल्यावर बायको उठली, तिने वड्यांखालचं कापड नीट केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले कोनाचं बोलनं लागत नव्हतं. लागत होतं ते तुमाले." एवढंच. मी तोवर स्वतःलाही सांगत होतो की हे बाबांच्या भाजलेल्या हातांसाठी आणि तिच्या बदनामीसाठी केलं.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. आम्ही तिघं मागे गेलो. परात जिथल्या तिथे होती, दगडही हलले नव्हते. वरून एक थेंब चुलीत गेला नसेल. पण उघड्या छपरातून पडलेलं सगळं पाणी जमिनीवर साचलं होतं, उंबऱ्यामुळे त्याला बाहेर जायला वाट मिळाली नव्हती. ते रात्रभर चुलीच्या पायाशी उभं राहिलं. बायकोने दगड-पोती काढून परात उचलली तेव्हा चुलीची वरची कड तेवढी कोरडी, तशीच लांबट, आणि तिच्याखालची माती विरघळून चिखल झाली होती. परातीच्या काठांनी धरली होती तोवरच ती कड उभी होती. परात निघताच खाली बसली.

बाबांनी खाली वाकून चिखलात हात घातला. मला वाटलं ते काही शोधत आहेत. त्यांनी उंबऱ्याजवळची माती बोटाने खरडून पाण्याला वाट केली आणि पाणी आंगणात वाहून जाईपर्यंत बघत उभे राहिले. मग म्हणाले, भिंत वाचली.

कवेलूवाला दोन दिवसांनी आला, छप्पर पूर्ण झालं. मी नवी चूल घालून देतो म्हणालो. बाबा म्हणाले, राहू दे. बायकोने तळ्याकाठची माती आणायची तयारी दाखवली, तेव्हा तिलाही तेच म्हणाले, फक्त जरा हळू. राग नव्हता त्यांच्या आवाजात. असता तर मला सोपं गेलं असतं.

आता ते आमच्यात जेवतात. मला जे हवं होतं ते अगदी तसंच झालं आहे. मागच्या खोलीत लाकडं आणि कोंड्याची पोती आहेत. दुकानात लोक म्हणतात, बरं केलं, म्हातारपणी बापाला एका ताटात घेतलंस. त्या पंगतीतला माणूससुद्धा परवा खताची गोणी उचलताना तसंच म्हणाला. मी त्याला पावती दिली आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळलो.

बायको ताटं वाढते. बाबा हातपाय धुऊन येतात, दाराशी थांबतात आणि विचारतात, "बसू का?"

"इचारता कायले मामाजी, बसा ना," ती रोज म्हणते. ते बसतात. जे वाढलं ते खातात. मीठ कमी-जास्त झालं तरी काही बोलत नाहीत. ती मला म्हणाली, तुम्ही सांगा त्यायले, असं इचारू नका म्हनून, मले ऐकवत नाही. मी हो म्हटलं. अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवायची वेळ होते, ते दाराशी येऊन थांबतात, आणि मी ताटाकडे बघत बसतो.